चाळीस मिनिटांची टाइमकीपर

मंगळवारी सकाळी सात चाळीसला मस्टरकाकांनी कारखान्याच्या गेटवर आपलं कार्ड यंत्रासमोर धरलं आणि यंत्राने लाल दिवा दाखवला. त्यांनी कार्ड शर्टाला पुसलं आणि पुन्हा धरलं. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्रच पुसलं. काका म्हणजे या कारखान्याचे टाइमकीपर. चारशे माणसांपैकी कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, हे सत्तावीस वर्षं टाइम ऑफिसात बसून लिहीत आलेला हा माणूस. आणि यंत्राचं म्हणणं होतं की असा कोणी इथे कामालाच नाही.

"सुभेदार, यंत्र बिघडलंय," काका म्हणाले.

गेटवरच्या पहारेकऱ्याला सगळे सुभेदार म्हणत. लष्करात तो कधी नव्हता, पण मिशा तशा होत्या. त्याने केबिनमधून एक पत्र काढून दोनदा वाचलं.

"यंत्र बरोबर आहे, काका. तुमचं नाव कालपासून कमी झालंय. हे बघा पत्र."

"अरे, एकोणीस वर्षं माझ्याबरोबर चहा पितोस तू!"

"चहा पितो म्हणून पत्र कसं मोडू? तुम्हीच शिकवलंत हे. व्हिजिटर पास घ्या. कोणाला भेटायचंय?"

"टाइम ऑफिसला."

"तिथं कोण असतं?"

"मी असतो!"

"तुम्ही तर इथं आहात. म्हणजे तिथं कोणी नाही. आत भेटणारं कोणी नसेल तर पास देता येत नाही."

हा नियमही काकांनीच सुचवलेला होता.

तेवढ्यात 'विद्यापीठ' आली. म्हणजे एक मुलगी आली. ती मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बारा आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी विद्यापीठाने तिला या पंख्यांच्या कारखान्यात धाडलं होतं. 'उद्योगजगताशी थेट नातं' असं विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात छापलेलं होतं, आणि ते नातं सध्या टाइम ऑफिसातल्या एका डुगडुगत्या खुर्चीवर बसत होतं. पहिल्या दिवशी काकांनी "कुठून आलीस?" विचारलं, ती म्हणाली "विद्यापीठातून", आणि त्या दिवसापासून तिला दुसरं नाव उरलं नाही.

"काका, बाहेर काय करताय?"

"मी कामाला नाही म्हणे."

ती हसली. मग तिने सुभेदाराच्या हातातलं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पत्राच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'संदर्भ: फॉर्म १७'.

"अगं बाई," ती म्हणाली. "शुक्रवार!"

शुक्रवारी झालं होतं ते असं. मुलीच्या प्रकल्पाचा विषय होता, 'कर्मचारी नोकरी का सोडतात?' सोडून जाणाऱ्या दहा जणांच्या मुलाखती घ्यायच्या आणि निष्कर्ष काढायचे. विषय झकास होता. अडचण एवढीच की या कारखान्यातून कोणी जातच नसे. नऊ आठवडे ती कोणीतरी राजीनामा देईल या आशेवर बसून होती. कोणी जरा चढ्या आवाजात बोललं की हिचे डोळे चमकत. रंगखात्यातला एक जण मुकादमाशी कडाकडा भांडला तेव्हा ती वही घेऊन धावली, पण पोचेपर्यंत दोघे एका डब्यात जेवत होते.

काकांना तिची दया आली. तिला मस्टर कसं वाचायचं, रजेचा अर्ज पाहून माणसाच्या घरात काय चाललंय ते कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. वर्गात दीड वर्षात जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते काकांच्या टेबलापाशी दीड महिन्यात शिरलं. आता शिष्या अशी हात चोळत बसलेली त्यांना बघवेना.

"मी सोडतो की नोकरी," ते शुक्रवारी चहाच्या सुट्टीत म्हणाले. "बोल, कधी सोडू?"

"काका, काहीतरीच!"

"अगं, सराव म्हणून. उद्या खरा कोणी सोडून जायला निघाला तर तुझी त-त-प-प व्हायला नको. घे, विचार मला."

कोऱ्या कागदावर खोटं बोलायला काकांना जड जात होतं, म्हणून त्यांनी कपाटातून राजीनाम्याचा खराखुरा फॉर्म १७ काढला, तीन प्रतींचा. मुलाखत छान रंगली.

"आपण नोकरी का सोडत आहात?"

"टाइम ऑफिसात पंखा नाही. कारखाना पंख्यांचा, आणि मी आपला फाइलने वारा घेतो."

"व्यवस्थापनाने काय करायला हवं होतं, असं आपल्याला वाटतं?"

काका जरा थांबले. "कोणी कधी विचारलं नाही, की काका, तुम्ही कसे आहात. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

मुलीने ते फॉर्मवर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि "काय मस्त बोललात!" अशी दादही दिली. शेवटी सहीची जागा आली. कागदावर सहीची जागा दिसली की काकांचा हात आपोआप चालत असे. त्यांनी सही ठोकली, खाली तारीख घातली आणि वर शिक्काही मारला.

मग भोंगा झाला आणि ती पात्यांच्या विभागात निघून गेली. पाच वाजता काकांनी टेबल आवरलं. टेबलावर कागद मुक्कामाला ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा शिरस्ता. टेबलावर असेल ते ट्रेमध्ये, आणि ट्रेमधलं सगळं वरच्या मजल्यावर मॅनेजरबाईंकडे. त्यांनी तो खोटा राजीनामा खऱ्या कागदांमध्ये कडा नीट जुळवून ठेवला आणि समाधानाने घरी गेले.

आता मुलीने गेटवर पास लिहून घेतला, 'कोणाला भेटायचे' यापुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. गळ्यात 'पाहुणा' असं कार्ड अडकवून काका आपल्याच ऑफिसात शिरले. खिडकीपाशी रांग तयारच होती. कोणी हात जोडत होतं, कोणी डोळे पुसत होतं.

"काका, एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अरे, मी जात नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात," फिटर म्हणाला. हे सगळे कोण ते त्यालाच ठाऊक. तो कामगार समितीचा सेक्रेटरी होता आणि अकरा वर्षं पदावर असून त्याच्या वाट्याला एकही निरोप समारंभ आला नव्हता. "चार वाजता कॅन्टीनमध्ये. काल कळल्या कळल्या भाषण लिहिलं. लिहिताना दोनदा रडलो."

त्याला आवरावं तोवर टेबलावरचा फोन वाजला. घरून काकू बोलत होत्या.

"ऐकलंत का? कंपनीचा मेसेज आलाय मला. 'आपल्या पुढील आयुष्यास हार्दिक शुभेच्छा.' कोणाचं पुढील आयुष्य?"

"अगं, चुकून आलाय तो."

"तुम्ही घरी बसणार आहात का?"

"नाही गं."

"कारण रविवारी एक दिवस घरी असता तर बरण्यांवर तारखा लिहिता. दूध किती वाजता तापवलं ते कॅलेंडरवर मांडता. रोज नाही हं सोसायचं मला. आणि पोरीचं नर्सिंगचं अजून एक वर्ष आहे, ते विसरलात?"

काका विसरले नव्हते. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि ती चारही वर्षं घराला कशी लागणार आहेत याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. फोन त्यांनी जागेवर ठेवायचा सोडून ट्रेमध्ये ठेवला. मुलीने ते पाहिलं आणि फोन उचलून जागेवर ठेवला. सकाळपासून गोंधळ म्हणून चाललेली गोष्ट तिला आता गोंधळ वाटेना. तिच्या एका सरावापायी या माणसाची भाकरी जायची वेळ आली होती.

दोघेही जिना चढून मॅनेजरबाईंकडे गेले. बाई याच विद्यापीठाच्या, मनुष्यबळाच्या पहिल्या तुकडीतल्या. त्यांच्या टेबलावर फॉर्म १७ एकटाच होता.

"बाई, हे सगळं खोटं आहे," काका म्हणाले.

"सही तुमची आहे?"

"आहे."

"शिक्का?"

"मीच मारला."

"तारीख बरोबर आहे?"

"तारीख माझी चुकत नाही, बाई."

"मग खोटं काय आहे, काका?"

मुलीने भडाभडा सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाई मागे टेकल्या. "शुक्रवारी मी हिच्याच विद्यापीठात भाषणाला होते. काल सकाळी हा कागद हातात आला. दोनदा वाचला. 'कोणी कधी विचारलं नाही, तुम्ही कसे आहात.' मी खाली येऊन टाइम ऑफिसच्या दाराशी उभी राहिले, तर तुम्ही कोणाला तरी उशिराबद्दल झापत होतात. म्हटलं, यांनी ठरवलंय, आपल्याला तोंडानं सांगायचंही नाही. जेवले नाही काल. मग सही केली."

"मग आता मागे घ्या ना, मॅडम," मुलगी म्हणाली.

"राजीनामा अठ्ठेचाळीस तासांत लेखी मागे घेता येतो. ते तास रविवारी संपले."

"रविवारी मी बरण्यांवर तारखा लिहीत होतो," काका पुटपुटले.

"पण मॅडम, तुम्ही मनात आणलं तर..."

"बाईंचं बरोबर आहे," काका मध्येच म्हणाले. "आज माझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्या मी कोणत्या तोंडानं कोणाला लेट लावू?"

मुलीने कपाळावर हात मारला. बुडणारा माणूस पाण्याची बाजू घेत असेल तर त्याला वाचवायचं तरी कसं?

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. त्यांना ते बोलणं जड जात होतं. "विद्यापीठाशी आपला करार आहे. जागा रिकामी झाली की आधी तुमच्या विद्यार्थ्यांना कळवायचं. पत्र काल गेलं."

पत्र कुठे पोचलं होतं ते सव्वा वाजता कळलं. विद्यापीठाचे सर फोटोग्राफरला घेऊन आणि मिठाईचा डबा हातात धरून थेट टाइम ऑफिसात आले.

"अभिनंदन!" ते मुलीला म्हणाले. "सहा वर्षं झाली कराराला, आणि ही पहिली जागा! माहितीपत्रकात मी दरवर्षी 'लवकरच' असं छापतोय. गुणवत्तेच्या यादीत तू पहिली, शिवाय इथलं काम शिकलेली. कायम नोकरी! तुझ्या आईलाही फोन केला मी."

"आईला?" मुलगी किंचाळली.

"खूप रडल्या. आनंदानं."

मुलीची आई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असे, मुलीला नोकरी लागेपर्यंत असंच वाकायचं असं तिने ठरवलेलं होतं. आता ती मशीन थांबवून जिन्यात उभी राहून दिसेल त्याला सांगत असणार, हे मुलीला इथे बसून दिसत होतं.

"सर, मला ही नोकरी नको."

सरांच्या हातातला डबा कलला. "नको? बाळ, बरं वाटत नाही का?"

"ही काकांची जागा आहे."

मॅनेजरबाई फॉर्म १७ आणि नेमणूकपत्र घेऊन सरांच्या मागोमाग खाली आल्या होत्या. "तू नाही म्हणालीस तर पत्र यादीतल्या दुसऱ्याला जाईल. तो नाही म्हणाला तर तिसऱ्याला. तीस नावं आहेत."

तीसही जण नाही म्हणतील अशी तिची तुकडी नव्हती. तिसाव्यापर्यंत कशाला, दुसराच बूट घालून दाराशी उभा असणार.

त्याच वेळी काकू आल्या. फिटरने त्यांना समारंभाचं आमंत्रण धाडलं होतं आणि त्या चारऐवजी दीडलाच पोचल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एकदा नजरेखालून घातलं आणि बरोबर मॅनेजरबाईंना गाठलं.

"तुम्ही मोठ्या ना इथल्या? मग एक ऐका. हे मला घरी नकोत. माणूस चांगला आहे, पण तो इथंच चांगला आहे."

काका खाली मान घालून पेन्सिलींना टोकं काढत होते, पाचही पेन्सिलींना आधीच टोकं असताना. मुलीने बाईंनी टेबलावर ठेवलेला फॉर्म ओढून घेतला. काहीतरी हाताला लागेल म्हणून तिने पहिली प्रत वाचली, दुसरी वाचली, तिसरी उलटी केली. मागच्या बाजूला नववा रकाना होता, कोरा. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'वरील कर्मचाऱ्यास मी समक्ष विचारले असून तो स्वखुशीने नोकरी सोडत आहे किंवा नाही याची खात्री केली आहे. सही, टाइमकीपर.'

"मॅडम, हा रकाना राहिलाय."

"तो सगळ्यात शेवटी भरायचा असतो, मस्टर बंद करताना," बाई म्हणाल्या. "काका स्वतःचा कसा भरणार? नवा टाइमकीपर येईल तो भरेल. मग कागद पूर्ण होईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत कागद अपूर्ण. पण जागा भरेपर्यंतच."

मुलीने तो रकाना पुन्हा एकदा वाचला. मग तिने विचारलं, "सर, मी नेमणूकपत्रावर आत्ता सही केली, तर मी कधीपासून टाइमकीपर?"

"त्या मिनिटापासून!" सरांचा चेहरा खुलला. "शाब्बास! व्यवहारानं वागायला शिकलीस."

हे ऐकून काकांनी पेन्सिल खाली ठेवली. ते उठून तिच्याजवळ आले. "घे पोरी, सही कर. दुसरा कोणी येण्यापेक्षा तू बरी. मस्टर चांगल्या हातात जाईल." हे ते मनापासून म्हणाले, आणि म्हणून तिला ते ऐकवेना.

तिने सही केली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी सवयीने घड्याळ पाहिलं आणि मस्टरच्या शेवटच्या ओळीत तिचं नाव आणि वेळ आपल्या वळणदार अक्षरात लिहिली. फोटोग्राफरने सरांना आणि तिला पत्र धरून सात वेळा उभं केलं. डबा फिरला. काकूंनी मिठाई घेतली नाही.

मग काकांनी कामाची सोपवणूक सुरू केली, आणि ती त्यांनी इतकी व्यवस्थित केली की कोणाला घाई करवेना. किल्ल्या दिल्या. कोणती किल्ली जरा वर उचलून फिरवायची ते सांगितलं. मग मस्टर उघडून ते एकेका नावावर बोट ठेवू लागले. "हा उशिरा आला तर आधी विचार, मुलाला दम्याचा त्रास आहे. लेट मात्र लावायचाच. ही सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागेल, लाजते, तूच विचार. हा दर महिन्याला आजीला मारतो, चार आज्या झाल्यात त्याच्या, त्याचं ऐकू नको." चारशे नावांपैकी साठेक झाली तेव्हा मॅनेजरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "काका, राहू द्या आता. आधी हा कागद पूर्ण करू." त्यांनी फॉर्म मुलीसमोर ठेवला. "नववा रकाना. सही करा."

मुलीने पेन उचललं. "मॅडम, इथं लिहिलंय, समक्ष विचारून. मग मी विचारते." ती काकांकडे वळली. "काका, तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडताय?"

काकांनी मॅनेजरबाईंकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. शुक्रवारी ते खुशाल खोटं बोलले होते, पण तो सराव होता. आता विचारणारी टाइमकीपर होती, आणि टाइमकीपरला खोटं सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीने नवव्या रकान्यात लिहिलं, 'समक्ष विचारले. स्वखुशीने सोडत नाही.' सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला. मग फॉर्म बाईंपुढे सरकवला. "मॅडम, कागद पूर्ण झाला."

बाईंनी तो पुढून मागून वाचला. तिन्ही प्रती वाचल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे आहे. टाइमकीपरची खात्री नाही, म्हणजे राजीनामा नाही. राजीनामा नाही, म्हणजे..." आणि त्या थांबल्या. "अगं, म्हणजे जागाही रिकामी नाही. तुझी नेमणूक..."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली आणि नेमणूकपत्र त्यांच्या हातात ठेवलं. घड्याळात दोन पन्नास झाले होते.

"एक मिनिट, एक मिनिट!" सर म्हणाले. त्यांना हे सगळं जरा उशिरा कळलं होतं. "म्हणजे नोकरी गेली?"

"हो, सर."

"चाळीस मिनिटांत?" सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजातला चढ उतरला. "माझ्या वर्गात हे मी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. पण ते व्यवहारी गृहस्थ होते. फोटो त्यांनी ठेवून घेतले. नोकरी लागली होती हे खरंच होतं आणि माहितीपत्रकात मिनिटं लिहायची पद्धत नसते. जाता जाता त्यांनी तिच्या प्रकल्पाचा विषयही बदलून दिला. आता 'कर्मचारी नोकरी का सोडत नाहीत?' असा तो झाला, आणि त्यासाठी तिच्यापुढे चारशे माणसं बसलेली होती.

फिटरने मात्र समारंभ रद्द करायला साफ नकार दिला. भाषण लिहून तयार होतं आणि हार भिजवून ठेवला होता. शेवटी कॅन्टीनच्या फळ्यावरचा 'निरोप' तेवढा पुसला आणि नुसता 'समारंभ' ठेवला. चार वाजता काका आणि काकू समोर बसले. फिटर बोलता बोलता ठरल्याप्रमाणे दोनदा रडला. सुभेदाराने सकाळबद्दल माफी मागितली. "मागू नकोस, बरोबर वागलास," असं काकांनी त्याला तिथेच सुनावलं. सगळ्यात शेवटी मॅनेजरबाई उठल्या.

"सोळा वर्षांपूर्वी मीही अशीच विद्यापीठातून आले होते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच दिवशी मी दुसरी पाळी पूर्णच्या पूर्ण गैरहजर लावली. शंभर माणसं. काकांनी रविवारी येऊन एकेक ओळ दुरुस्त केली आणि कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, मी आभार मानलेत. काल फॉर्म वाचला तेव्हा लक्षात आलं, मानायचे राहिलेत." त्या काकांकडे वळल्या. "काका, तुम्ही कसे आहात?"

काका गळ्यातला हार सारखा करू लागले. काकूच म्हणाल्या, "बरे आहेत. आता बरे आहेत." आणि त्यांनी मिठाईच्या डब्यातला एक तुकडा उचलून काकांच्या हातात दिला, दुसरा स्वतः खाल्ला.

मुलगी संध्याकाळी घरी गेली तेव्हा आईला सांगायला तिला बराच वेळ लागला. आईने सगळं ऐकलं, एकदा नाक ओढलं आणि मशीनमध्ये दोरा ओवत म्हणाली, "बरं केलंस. त्या काकूंच्या जागी मी असते तर मलाही नवरा घरी नको असता." मग मशीनचा आवाज नेहमीसारखा सुरू झाला.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आईने काल दुपारी जिन्यात उभं राहून चारही मजल्यांना बातमी दिली होती. मुलगी साडेसातला निघाली, तर चौथ्या मजल्यावर अभिनंदन, तिसऱ्यावर साखर, दुसऱ्यावर "आमच्या मुलासाठी बघ गं काहीतरी". प्रत्येक दारात तिला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली, आणि प्रत्येक दारात ती ऐकून कोणीतरी "असं कुठं असतं का!" म्हणालं. ती कारखान्याच्या रस्त्याला लागली तेव्हा आठचा भोंगा होऊन गेला होता.

धापा टाकत ती गेटवर पोचली आणि थबकली. सुभेदाराच्या केबिनपाशी, यंत्राच्या अलीकडे, काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, कार्ड खिशात.

"काका! भोंगा झाला ना?"

"झाला. ऐकला मी."

"सात चाळीसपासून उभे आहेत," सुभेदार म्हणाला. "कार्ड लावा म्हटलं तर लावत नाहीत. आज तर हिरवा दिवा लागतोय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, बंद केलं, डबा या हातातून त्या हातात घेतला. "चल," ते शेवटी म्हणाले. "उशीर झालाय." आधी तिला कार्ड लावू दिलं, मग स्वतः लावलं. आठ बारा आणि आठ तेरा.

टाइम ऑफिसात गेल्यावर काकांनी मस्टर उघडलं आणि लाल शाईचं पेन काढलं. तिच्या नावापुढे त्यांनी लेट लावला. मग पान मागे उलटून पहिल्या ओळीवर आले, तिथे त्यांचं स्वतःचं नाव होतं. मुलगी मागून बघत होती. तो महिना, आधीचा महिना, मस्टरचं ते जाड पुस्तक जिथून सुरू होत होतं तिथपर्यंत त्या ओळीत फक्त निळी शाई होती. काकांनी त्याच ठसठशीत अक्षरात लाल शाईने लिहिलं, ८.१३.

"काका, तुम्ही बाहेर का थांबलात?"

"तुझ्याशी बोलायचं होतं. ड्युटीवर खासगी बोलायचं नसतं, तुला ठाऊक आहे. आणि चहाच्या सुट्टीपर्यंत थांबवेना."

"मग बोला ना. काय बोलायचं होतं?"

काकांनी शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली, चष्मा सारखा केला आणि खिडकी उघडली.

"आता कसं बोलणार?" ते म्हणाले. "आत आलो ना आपण."